आयर्लंडच्या पाणंदीतली बिनछपराची चर्चं

आयर्लंडचा नकाशा फोनवर उघडा आणि दोन बोटांनी जरा मोठा करा. किल्डेअर, किलकेनी, किलार्नी, किलमॅकडुआ... 'किल'ने सुरू होणारी गावं मोजायला बसलात तर रात्र सरेल. ऐकायला भयंकर वाटलं तरी इंग्रजी 'किल'शी त्याचा काही संबंध नाही. आयरिश भाषेत 'किल' म्हणजे चर्च. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधूची खोली, त्यावरून हा आला. किल्डेअर म्हणजे ओकच्या झाडाचं चर्च, किलकेनी म्हणजे संत कॅनिसचं चर्च. (काही गावांत हा 'किल' रान या अर्थाच्या शब्दावरून आलाय, पण ते तिथल्या माणसांनाच विचारावं लागतं.) आपल्याकडे गावाच्या नावात वाडी किंवा वडगाव असतं, तसं तिथे चर्च.

गाडी घेऊन त्या गावांत गेलात तर ते चर्च बहुतेक वेळा सापडतंही. चार भिंती, टोकदार कमानीची एक खिडकी, आत गुडघाभर गवत आणि वर आभाळ. छप्पर नाही.

ऑफिसच्या कामामुळे मी आणि बायको दोन वर्षं डब्लिनमध्ये होतो. मागच्या जूनमध्ये आई-बाबा बेळगावहून आले, तेव्हा चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही पश्चिमेकडे निघालो. मोहेरचे कडे पाहिले, फोटो काढले, ते सगळे पाहतातच. पण चार दिवसांत आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो पडक्या चर्चमध्ये, आणि त्याला कारण बाबा. बाबा सरकारी बांधकामावर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. पहिल्याच पडक्या चर्चमध्ये उभं राहून त्यांनी विचारलं, "भिंती एवढ्या मजबूत आहेत, मग छप्पर का नाही घातलं रे परत?"

ती पहिली जागा क्लॉनमॅक्नॉइज. डब्लिनहून अथलोनला जायचं आणि तिथून शॅनन नदीच्या काठाने खाली. सहाव्या शतकात संत किरन याने इथे मठ काढला. आज एकदम आडबाजूला वाटणारी ही जागा तेव्हा देशाच्या हमरस्त्यावर होती. उत्तर-दक्षिण नदी वाहते, पूर्व-पश्चिम जुना रस्ता दलदलीतून उंचवट्यावरून जातो, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे हा मठ. मठ कसला, विद्यापीठच. आयरिश भाषेतल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी एक इथे लिहिलं गेलं, ते आता डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. आवारात लहान लहान चर्चं, दोन गोल मनोरे आणि दहाव्या शतकातला चार मीटर उंचीचा कोरीव क्रूस. बाहेर उभी आहे ती त्याची प्रतिकृती. मूळ क्रूस पावसापासून वाचवायला आत ठेवलाय, आणि मी तर म्हणेन आधी आतला पाहा. आत प्रकाश बाजूने पडतो, त्यामुळे एकेक कोरीव चौकट उठून दिसते.

मोठ्या मनोऱ्याचं काम ११२४ मध्ये पुरं झालं आणि ११३५ मध्ये विजेने त्याचा शेंडा उडवला. तो आजही तसाच बोडका आहे. मोठ्या चर्चच्या उत्तरेच्या दाराला 'कुजबुजती कमान' म्हणतात. कमानीच्या एका बाजूला तोंड खुपसून हळू बोललं की दुसऱ्या बाजूला कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. कुष्ठरोग्यांना दुरून पापनिवेदन करता यावं म्हणून ही सोय, असं तिथे सांगतात. बाबांनी एका बाजूला जाऊन काहीतरी पुटपुटलं, आई दुसऱ्या बाजूला हसली. काय बोलले ते आम्हाला दोघांनीही सांगितलं नाही.

व्हायकिंगांनी या मठावर हल्ले केले, आयरिश राजांनीही केले, आणि दर वेळी तो परत उभा राहिला. १५५२ मध्ये अथलोनच्या इंग्रज शिबंदीने तो लुटला, त्यानंतर मात्र नाही. जुन्या बखरीत नोंद आहे की घंटा, मूर्ती, ग्रंथ तर नेलेच, खिडकीची काचसुद्धा ठेवली नाही.

बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री पोपपासून फुटला आणि त्याने मठ बरखास्त केले. आयर्लंडमध्ये ते काम १५३०-४० च्या दशकांत सुरू झालं. जमिनी सरदारांना गेल्या. छपरावरचं शिसं आणि लाकूड यांना बाजारात भाव होता, भिंतीच्या दगडाला फारसा नव्हता. एकदा छप्पर उतरवलं की उरलेलं काम पाऊस करतो, आणि तिथला पाऊस आळशी नाही. पुढे गावोगावची चर्चं सरकारमान्य प्रोटेस्टंट पंथाकडे गेली. बहुसंख्य लोक मात्र कॅथलिकच राहिले. म्हणजे ज्यांच्याकडे इमारत त्यांच्याकडे माणसं नाहीत, आणि ज्यांच्याकडे माणसं त्यांना इमारतीत प्रवेश नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिकांवर कडक कायदे आले. लोक डोंगरात एखाद्या सपाट खडकाभोवती जमून मिस्सा करायचे. असे खडक आजही दाखवतात. बंधनं १८२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठली. तोवर छपरं जाऊन दोन-तीन शतकं झाली होती आणि लोकांनी गावात नवी चर्चं बांधायला घेतली.

गोव्याला जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. जुन्या गोव्यातला संत ऑगस्टिनचा तो अर्धा मनोरा याच जातीचा. पोर्तुगाल सरकारने १८३० च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त केले, साधू गेले, आणि १८४२ मध्ये चर्चची कमानदार छत कोसळली. राजा वेगळा, देश वेगळा, क्रम तोच.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग जमिनीवर होता, आणि त्यापाशी आई अडली. ही सगळी पडकी चर्चं म्हणजे दफनभूमी आहेत. आवारात थडगी, आणि छप्पर गेल्यावर चर्चच्या आतही थडगी. आपण ज्याला सभामंडप म्हणू तिथे, गाभाऱ्यात, अगदी वेदीच्या पायथ्याशी. आई फाटकाशी थांबली. "तुम्ही जाऊन या. स्मशानात काय बघायला जायचं? आणि आल्यावर आंघोळ कुठे करणार?" तिचं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. आमच्या आजीने तर गाडीतून पायही खाली ठेवला नसता.

क्लॉनमॅक्नॉइजला ती नदीकाठाच्या रस्त्याने फिरली, कमानीपुरती आत आली. दुसऱ्या दिवशी किलमॅकडुआला ती आपणहून आत आली, कारण तिथला मनोरा. गॉर्ट गावाजवळ, चुनखडीच्या करड्या माळावर, तीस मीटरपेक्षा उंच गोल मनोरा आणि तो चक्क कललेला, अर्ध्या मीटरहून जास्त. दार जमिनीपासून सुमारे सात मीटर वर. हे मनोरे घंटेसाठी होते, आयरिश भाषेतलं त्यांचं नाव घंटाघर याच अर्थाचं आहे. पण दार एवढं उंच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हल्ला झाला तर शिडी वर ओढून घ्यायला, असं पूर्वी सांगत. पाया उथळ म्हणून खालचा भाग भरीव ठेवला, असं हल्ली म्हणतात. बाबांनी पायाशी बसून कललेल्या बाजूचे सांधे पाहिले आणि दुसऱ्या मताला कौल दिला.

तिथे पायथ्याशी एक ताजं थडगं होतं. काळा चकचकीत दगड, फुलं, आणि त्यावर त्याच वर्षाची तारीख. म्हणजे पडकं चर्च, हजार वर्षांचा मनोरा, आणि या वर्षी गेलेला माणूस. पंथ बदलले, कायदे बदलले, छप्पर गेलं, तरी लोकांनी आपली माणसं पणजोबांच्या शेजारीच नेऊन ठेवायचं सोडलं नाही. जागा कुणाची हे कागदावर काहीही असो. १८६९ च्या कायद्याने सरकारमान्य चर्चचा दर्जा गेला आणि असे अनेक अवशेष सार्वजनिक बांधकाम खात्याकडे स्मारकं म्हणून आले. १८७४ मध्ये कॅशेलचा प्रसिद्ध खडक त्यात पहिला. भिंती खात्याच्या, पण भिंतींमधली माती गावाची. तिथे छप्पर घालायचं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांवर खांब रोवायचा.

खातं भिंतींची काळजी मात्र घेतं. एका ठिकाणी दोन गवंडी भिंतीचा माथा बांधत होते. छप्पर नसलेल्या भिंतीत पाणी वरून शिरतं, म्हणून माथा आधी बंद करायचा. बाबांनी मला दुभाषा करून विचारलं, सिमेंट का? गवंडी जवळजवळ रागावलाच. सिमेंट नाही, चुना! सिमेंट पाणी आत कोंडतं आणि थंडीत दगड फुटतो. बाबांना घाणीचा चुना आठवला. पुढची दहा मिनिटं दोघं हातवाऱ्यांनी बोलत होते, दुभाष्याची गरज उरली नाही.

हेडफर्डजवळचा रॉस एरिलीचा मठ तर बाबांना तिथून निघवेना. फ्रान्सिस्कन साधूंचा हा मठ मुख्यतः पंधराव्या शतकातला, आणि छप्पर सोडलं तर जवळपास सगळं जागेवर आहे. शेताच्या मधून अरुंद रस्ता, तिकीट नाही, रखवालदार नाही, गाई कुंपणाबाहेर. साधूंना इथून पुन्हा पुन्हा हाकललं आणि ते पुन्हा पुन्हा परत आले, पार अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत. स्वयंपाकघरात भली मोठी चूल आणि कोपऱ्यात दगडी हौद, जिवंत मासे ठेवायचा. आईला चर्चपेक्षा हे जास्त आवडलं. "म्हणजे ताजी मासळी. शहाणे होते."

मुलांना घेऊन जाणार असाल तर मी रॉस एरिलीच सुचवेन. जिने, खिडक्या, ओवऱ्या, लपाछपीला एवढी जागा कुठल्याच संग्रहालयात नाही. पायात जुने बूट घाला, गवत कायम ओलं असतं. आणि थडग्यांवरून पळू नका एवढं आधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या रात्री आम्ही मेयो परगण्यात एका घरगुती मुक्कामाला होतो. मालकीणबाई सत्तरीच्या. संध्याकाळचे नऊ वाजले तरी लख्ख उजेड होता, जूनमध्ये तिथे दहानंतर अंधारतं. आम्ही जुनी चर्चं पाहत फिरतोय म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवून सांगितलं, मागच्या वाटेने चालत जा, अर्धा मैल. तिथे पाटी नाही, पण आहे.

त्या वाटेला तिथे 'बोरीन' म्हणतात. मूळ शब्दात गाय आहे, गाईंची वाट. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे गवताची पट्टी. आमच्याकडची पाणंदच ती, फक्त उसाऐवजी मेंढ्या. टोकाला कमरेएवढ्या भिंतींचा एक चौकोन, एका कोपऱ्यात काटेरी हॉथॉर्नचं झाड. ते झाड तिथे कुणी तोडत नाही. गवतात वीतभर उंचीचे दगड उभे होते, ओबडधोबड, नाव नसलेले, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या गारगोट्या. दगड फार जवळ जवळ होते. एवढ्या कमी जागेत मोठा माणूस मावत नाही.

परत आल्यावर मालकीणबाईंनी सांगितलं. याला 'किलीन' म्हणतात, त्याच 'किल'वरून, छोटं चर्च. बाप्तिस्मा होण्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र भूमीत जागा नव्हती. त्यांना स्वर्गही नाही, नरकही नाही, मधल्या कुठल्याशा जागी ती राहतात अशी शिकवण होती. मग वडील किंवा काका रात्री बाळाला कापडात किंवा लहान पेटीत घेऊन अशा सोडलेल्या पडक्या चर्चमध्ये यायचे. आई येत नसे. पुष्कळदा तिला जागाही सांगत नसत. हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही चाललं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रज्ञांच्या आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं म्हटलं. आता अनेक गावांत किलीन साफ करतात, आशीर्वादाची प्रार्थना होते, एखादा स्मृतिशिला बसवतात. बाईंच्या आईचंही एक बाळ त्या वाटेच्या टोकाला आहे. कोणता दगड, ते माहीत नाही.

मी हे वाक्य वाक्य करून मराठीत सांगत होतो. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बारसं व्हायचं होतं त्याचं."

पुढचं मी आईला विचारूनच लिहितोय. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. नऊ दिवसांचा असताना गेला. हे मला माहीत होतं, पण घरात त्यावर बोलणं नसायचं. आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. बाळंतीण घरात, आणि बाबा नि मामा त्याला घेऊन गेले. बारावा दिवस उजाडला नाही म्हणून नावही नाही.

"जागा मला कुणी सांगितली नाही," आई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "मी विचारलंही नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं."

मालकीणबाईंना मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. त्या उठल्या आणि त्यांनी किटली परत ठेवली.

बाबा बराच वेळ कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "मार्कंडेय नदीच्या अलीकडे. तुझ्या आतेभावाच्या शेताच्या बांधाला चिंच होती ना, तिच्या वरच्या अंगाला. दोन दगड ठेवले होते मी. पुढची दोन वर्षं पावसाळा संपला की जाऊन बघून यायचो." थोडं थांबून म्हणाले, "आता तिथे लेआउट पडलाय."

"चिंच आहे का?"

"आहे. रस्ता वळवून घेतलाय तिच्यापाशी."

सकाळी आम्ही उठायच्या आत आई आणि बाबा दोघंच बोरीनच्या टोकापर्यंत जाऊन आले. आईच्या चपला भिजल्या होत्या. आंघोळीचं तिने काही काढलं नाही.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर बॅलिनटबरला थांबलो. आयरिश नावाचा अर्थ विहिरीचं गाव. संत पॅट्रिकने इथल्या विहिरीच्या पाण्याने बाप्तिस्मा दिला अशी श्रद्धा आहे. इथून क्रोआ पॅट्रिक या ७६४ मीटर उंचीच्या पवित्र डोंगरापर्यंत जुनी यात्रेची वाट जाते, सुमारे ३५ किलोमीटर. कॉनॉटचा राजा काहल ओ'कॉनर याने १२१६ मध्ये हा मठ बांधला. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी तो जाळला. लाकडी छप्पर गेलं, वेदीवरची दगडी छत तेवढी तगली. आणि इथे लोक गेले नाहीत. बंदी होती तेव्हाही, छप्पर नव्हतं तेव्हाही, भिंतींच्या आत उघड्यावर उभं राहून त्यांनी मिस्सा चालू ठेवला. दुष्काळ आला, निम्मं गाव बोटीने अमेरिकेला गेलं असेल, तरी चालू ठेवला. आठशे वर्षांत खंड पडलेला नाही, असं ते अभिमानाने सांगतात. मुख्य दालनावर छप्पर परत आलं ते १९६६ मध्ये, साडेसातशेव्या वर्षी.

म्हणजे छप्पर घालता येतं. टिपरेरीतल्या होलीक्रॉस मठावरही घातलं, पण ती जागा राष्ट्रीय स्मारक असल्यामुळे त्यासाठी संसदेला १९६९ मध्ये खास कायदा करावा लागला.

बाहेर पाऊस लागला होता. आत साध्या पांढऱ्या भिंती, वर लाकूड, पहिल्या बाकावर एक बाई आणि तिचा शाळकरी मुलगा. आई मागच्या बाकावर बसली. बाबा मात्र मान वर करून तुळया मोजत भिंतीच्या कडेकडेने पुढे गेले, वेदीवरच्या जुन्या दगडी छतापाशी बराच वेळ थांबले आणि परत येऊन आईशेजारी टेकले. मी त्यांना हळूच माहितीफलकावरचं साल वाचून दाखवलं.

"बाराशे सोळा," बाबा म्हणाले. "आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती बाराशे चारची. बारा वर्षांनी धाकटं आहे हे."

"तिचं छत पाहिलंय मी," आई म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही तिथेच नेलं होतंत."